भिंतीबाहेरचा नळ

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी क्लोरोफॉर्मला पाणी म्हटलं. बोलण्याच्या ओघात तोंडातून निसटलं असंही नाही. वहीत लिहून दिलं आणि खाली सही केली. हैदराबादला तारनाक्याजवळच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला पाच बाटल्या मांडून ठेवलेल्या असत. प्रत्येकीत एकेक बिनरंगाचं द्रव्य, आणि कुठल्या बाटलीत काय आहे ते आपण ओळखायचं. हुशार पोरं परीक्षानळ्या मांडून बसायची, तापवायची, थेंब थेंब टाकायची. मी आळशी. मी बुचं काढून हुंगायचो. पहिली बाटली स्पिरिटची, दुसरी नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखी, आणि तिसरीचं बूच काढल्याबरोबर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तोच गोडसर, डोक्याच्या मागे जाऊन बसणारा वास. मला वाटलं, परीक्षक चतुर आहे, पोरं फसावीत म्हणून मधे एक बाटली साध्या पाण्याची ठेवली आहे, पण मी काही फसणारा नाही. आणि मी लिहिलं, नमुना तीन, पाणी.

वह्या तपासायला रहमान सर होते. बारीक चणीचे, पांढऱ्या कोटाला ॲसिडची भोकं पडलेली, मराठवाड्याहून आलेल्या पोरांशी ते मुद्दाम दख्खनीत बोलत. माझी वही वर धरून म्हणाले, "क्या मियाँ, तीन नंबर में पानी है?"

"हौ सर."

"कैसा मालूम हुआ?"

"बू से, सर. हमारे घर का पानी ऐसाच रहता."

अख्खा वर्ग फुटला. सगळ्यात आधी हसले ते रहमान सरच, आणि सगळ्यात आधी थांबलेही तेच. पोरं अजून टेबलं बडवत होती तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारत होते, घर कुठे, पाणी कुठलं, बोअर किती खोल, मागे काही फॅक्टरी वगैरे आहे का. मी म्हटलं, आहे ना, औषधांची आहे. ते म्हणाले, "कल एक बोतल पानी लाना घर से. बूच टाइट करके लाना. समझे?" मी मान हलवली. त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव क्लोरोफॉर्म पडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. तोवर मला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी वर्गात आहे हेच अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. कँटीनमध्ये मी ग्लास उचलला की कुणीतरी ओरडायचं, "अरे, इसको सादा पानी दिए तो नशा नै चढता!" आणि मी झिंगल्याची नक्कल करून दाखवायचो. चांगली जमायची मला ती.

आता घराबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, रेल्वेत फिटर होते. गाव नांदेडकडचं. गावात विहीर होती, पण आमच्या लोकांसाठी नव्हती. माझी आजी घागर घेऊन विहिरीच्या कडेला उभी राहायची, आणि पाणी भरायला आलेल्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरून, अंतर ठेवून, ओतायची. दया नाही आली तर आजी उभीच. दादा तिच्या पदराला धरून उभे असायचे. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी रडून सांगितली नाही. जेवताना, भाकरी मोडता मोडता सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "तीन तीन घंटे लागायचे बघ कधी. पाय लई दुखायचे मायचे." बस. एवढंच. हैदराबादला आल्यावर आम्ही नल्लकुंट्याला एका खोलीत राहिलो. तिथे नळ होता, पण घरमालकिणीचा. तिचं, तिच्या सुनेचं, तिच्या मोलकरणीचं भरून झालं की आमचा नंबर. ती वाईट बाई नव्हती. फक्त नंबर तिने ठरवलेला होता, आणि तोवर नळ जायचा.

म्हणून दादांनी शहराच्या कडेला प्लॉट घेतला तेव्हा घर नंतर बांधलं, आधी बोअर मारली. माळावर नुसता दगड, दोन निवडुंग आणि मागे लांबवर कारखान्याची भिंत. बोअरच्या गाडीने दोन दिवस धूळ उडवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओली माती वर आली आणि मग भस्सकन पाणी. दादांनी ओंजळ धरली, प्यायले, आणि माझ्या आईकडे, मायकडे, बघून म्हणाले, "गोड हाय गं." तेव्हा ते खरंच गोड होतं, हे मला कुणासमोरही शपथेवर सांगता येईल. पहिली काही वर्षं त्या पाण्यात डाळ अशी शिजायची की माय म्हणायची, नल्लकुंट्याची डाळ डाळच नव्हती. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, रविवारी खिमा, आणि वर गार पाणी. सकाळी मोटार लावली की पाइपात आधी खोकल्यासारखा आवाज व्हायचा, मग टाकीत धार पडायची, आणि त्या आवाजाने माझी बहीण मित्रा उठायची. तिला दुसरं घड्याळ लागायचं नाही.

पुढे कॉलनी वसत गेली. सगळ्यांनाच पाणी लागलं नाही, काहींच्या बोअर कोरड्या गेल्या. तेव्हा दादांनी एक काम केलं. कंपाउंडच्या भिंतीतून पाइप बाहेर काढला आणि रस्त्याच्या बाजूला, बाहेरून, एक नळ बसवला. पितळेचा, स्वतः रेल्वेतल्या हाताने आटे पाडून. माय म्हणाली, लोकं मागतील तेव्हा आतून देऊ की, बाहेर कशाला? दादा म्हणाले, "मागायचं न्हाई कुणी. नळ सोडायचा, प्यायचं, जायचं. इचारायचं बी न्हाई." उन्हाळ्यात नळाखाली रांजण असायचा. रिक्षावाले थांबायचे, कारखान्याची पोरं पाळी सुटली की तोंड धुवायची, शेजारची लक्ष्मम्मा पहाटे चार बिंदग्या, म्हणजे घागरी, लावून ठेवायची आणि दादा दिसले की म्हणायची, "अन्ना, मी नीळ्ळु मंची नीळ्ळु." तुमचं पाणी म्हणजे चांगलं पाणी. दादांना तेलुगू धड येत नव्हतं, पण हे एक वाक्य त्यांना पाठ होतं. आणि समोरच्या जाधवकाकू. त्या लातूरकडच्या जमीनदार घरातल्या, नवरा बँकेत. त्यांनी पहिल्यांदा आमच्या नळावर कळशी लावली त्या दिवशी दादा खिडकीशी उभे राहून बघत होते. मग त्यांनी मायला सुटीचा दिवस नसताना गोड करायला सांगितलं, आणि का ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

वास कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही, कारण तो पाहुण्यासारखा आला. आधी अधूनमधून, मग मुक्कामी. कारखाना वाढला होता, मागच्या भिंतीबाहेर त्यांनी मोठे खड्डे खणले होते आणि त्यात काहीबाही ओतलेलं असायचं. उन्हात त्यावर इंद्रधनुष्य दिसायचं, आम्ही पोरं ते बघायला जायचो. मित्रा म्हणाली, चहाला नव्या चपलेचा वास येतो. माय म्हणाली, पातेलं नीट घासलं नसेल. मग भाताला येऊ लागला. झाकण काढलं की माय तोंड फिरवायची, वाफ जाऊ द्यायची, मग वाढायची. पावसाळ्यात पोटं बिघडू नयेत म्हणून ती पिण्याचं पाणी रोज उकळायची, मोठं पातेलं, छोटंसं स्वयंपाकघर, एक खिडकी. तिचं डोकं दुखायला लागलं ते तेव्हापासून. कपाळाला ओढणीसारखं फडकं बांधून ती स्वयंपाक करायची. आम्हाला वाटायचं, बायकांची डोकी दुखतातच. रांजणात ती वाळा टाकू लागली, वाळ्याने नाही भागलं तर तुरटी.

हे सगळं माहीत असून कुणी बोलत नव्हतं, त्याचं कारण जाधवकाकू. एक दिवस त्या नळावर आल्या, कळशी अर्धी भरली, नाकाशी नेली आणि ओतून दिली. दादा फाटकातच उभे होते. काकू म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका, पण तुमच्या पाण्याला वास येतो हो." दादांचा चेहरा मी बघितला. असा चेहरा मी नंतर कधी बघितला नाही, आणि नको बघायला. ते म्हणाले, "बरं वहिनी." आत आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "तिच्या आज्यानं जे म्हटलं तेच तिनं म्हटलं. फकस्त भाऊ लावून म्हटलं." त्या दिवसापासून आमच्या घरात 'वास' हा शब्द बंद झाला. मित्राने एकदा चहा सोडला तर दादांनी तिच्या कपातला उरलेला चहा तिच्यासमोर स्वतः पिऊन टाकला. काकूंनी खरंच वासामुळे आमचं पाणी सोडलं की त्यांना निमित्त मिळालं, हे मला आजही कळलेलं नाही. दोन्ही असेल. पण दादांची चूक बघा कशी होती. जगातल्या दुसऱ्या कुणाच्या पाण्याला वास आला असता तर त्याने आधी बोअर तपासली असती. दादांनी आधी सांगणाऱ्याची जात तपासली. आणि त्यांना हसायची माझी छाती नाही, कारण आयुष्यात तोवर प्रत्येक वेळी त्यांचा तो हिशेब बरोबर आला होता.

तर मधे काही दिवस गेले, प्रॅक्टिकलच्या गडबडीत जातातच, आणि रहमान सरांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "बोतल किधर है?" तेव्हा मी घरून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली भरून नेली. त्यांनी बूच काढलं, हुंगलं आणि तोंड असं केलं की मला शरम वाटली, जणू मीच ते बनवलं होतं. मग आतल्या खोलीत नेऊन त्यांनी काही केलं, मला दाखवलं, समजावलं, मला त्यातलं अर्धं कळलं. ड्रम धुवायला, औषधं काढायला कारखाने जे द्रव्य वापरतात, सॉल्व्हंट म्हणतात त्याला, ते यात आहे. एकच नाही, दोन-तीन असावीत. जमिनीत मुरतं, खाली दगडाच्या फटींतून पसरतं, दिसत नाही. "उबालने से क्या होता सर?" मी विचारलं. ते म्हणाले, "उबालने से हवा में जाता. जो चूल्हे के सामने खड़ा है उसके सीने में जाता." मी विचारलं, लिहून देता का. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, कॉलेजची लॅब आहे, आम्हाला असं लिहून द्यायचा अधिकार नाही, नोकरी जाईल. "मगर पीना बंद करो. आज से. सुन रहे?"

संध्याकाळी दादा नळाजवळ बसून वायसर बदलत होते. मी पाठ करून आलो होतो. दादा, असं असं आहे, कॉलेजात तपासलं, पाण्यात विषारी द्रव्य आहे. एवढं बोलायला मला दहा मिनिटं लागली, आणि त्यात 'वास' शब्द मी एकदाही वापरला नाही. ते म्हणाले, "कोण म्हणतो?"

"रहमान सर."

"त्यांनी पिऊन बघितलं?"

"पिऊन कसं बघतील दादा, हुंगून..."

"हुंगून!" ते उठले. रांजणातून तांब्या भरला आणि माझ्या डोळ्यांत बघत घटाघटा पूर्ण प्यायले. हनुवटीवरून पाणी गळत होतं. "गल्लीनं प्यायलं, तुझ्या मायनं प्यायलं, तू प्यायलास म्हून साळंत गेलास. अन् आता हुंगतो?" तेव्हा माय दारात आली. फडकं कपाळाला तसंच. आयुष्यभर तिने दादांना गल्लीत ऐकू जाईल असं उत्तर दिलं नव्हतं. ती म्हणाली, "येतो वास. दोन वर्सं झाली येतो. चुलीपाशी मी असते, तुमी न्हाई." आणि आत गेली.

दादा रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी रेल्वेत सुटी कळवली, इस्त्रीचा शर्ट घातला, नळाखाली एक स्वच्छ बाटली भरली आणि मला म्हणाले, "चल. इंग्रजी लागंल." मी वाटेत इंग्रजी वाक्य जुळवलं. 'सर, वी आर हॅविंग वन रिक्वेस्ट.' गेटवर पोचेपर्यंत ते विसरलो. कारखान्याच्या गेटवर एक म्हातारा वॉचमन होता. ऊन मी म्हणत होतं. साहेब येईपर्यंत थांबा म्हणाला आणि स्वतःच्या कॅनमधलं पाणी ग्लासात ओतून दादांपुढे धरलं. "पियो चाचा. ये टैंकर का है, डरो नक्को." दादांनी विचारलं, इथे बोअर नाही का? "है ना, दो-दो है. मगर वो धोने कू. यहाँ का बोर कोई नै पीता, साब लोगाँ ने सबको मना करके रक्खा." आणि तो साधेपणाने हसला. त्याला ठाऊकच नव्हतं की त्याने काय सांगितलं. दादांनी तो ग्लास पुष्कळ वेळ हातात धरून ठेवला. भिंतीच्या आत पिऊ नका म्हणून ताकीद होती. भिंतीच्या बाहेर आम्ही लोकांना बोलावून पाजत होतो.

मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड. बसवलं, चहा मागवला, पंखा वाढवला. आमच्याकडे सगळं शुद्ध करूनच बाहेर सोडतात म्हणाला. मग म्हणाला, तुमच्याच सेप्टिक टँकचं झिरपत असेल, या वसाहतींमध्ये तसं होतं, लोक काळजी घेत नाहीत. 'या वसाहती' म्हणताना त्याने खिडकीकडे हात केला तो कुठल्या हाताने केला हेसुद्धा मला आठवतं. कुठला रिपोर्ट आहे का तुमच्याकडे? मी म्हटलं, आमच्या सरांनी... "कोई लेटर?" नाही. "तो फिर बताइए, मैं क्या करूँ?" आणि तो खरंच दुःखी असल्यासारखा हसला. दादा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी टेबलावरचा रिकामा ग्लास ओढला, आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"साब, आप एक घोट पीजिए. बस एक. मैं घर चला जाऊंगा, फिर कभी नै आऊंगा."

मॅनेजरने ग्लासकडे बघितलं. मग खिशातलं पेन काढलं आणि पेनच्या टोकाने, बोट न लावता, तो ग्लास आपल्या कागदांपासून हळूहळू लांब, टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला. दादा ते पेन बघत राहिले. आमच्या घरातलं पाणी लोकांनी नाकारलं ते पिढ्यानपिढ्या, पण ते सगळे कशाला घाबरत होते ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. हा पहिलाच माणूस होता ज्याला कारण माहीत होतं, कारण ते त्यानेच घातलेलं होतं. दादा उठले. ग्लास त्यांनी तिथेच ठेवला. दारात वळून म्हणाले, "आपको मालूम है." एवढंच. मला वाटलं होतं ते ओरडतील. मी आज पन्नाशी ओलांडून बसलो आहे. त्या वेळी तो ग्लास उचलून त्याच्या तोंडावर फेकायला मला काय झालं होतं, हे मी स्वतःला अजून विचारतो. झालं काहीच नव्हतं. मी चहा संपवत होतो.

घरी येऊन दादांनी हत्यारांची पेटी काढली. मोठ्या पान्याने भिंतीबाहेरचा नळ उतरवला आणि पाइपाच्या तोंडाला लोखंडी बूच घट्ट बसवलं. मग रांजण आडवा केला. लक्ष्मम्मा बिंदगी घेऊन उभी, तिला काही कळेना. दादांनी तिला हात जोडले. आणि मग ते एकेका दारी गेले. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, त्यांच्या मागे मीच चालत होतो. दार वाजवायचे, कुणी आलं की चार पावलं मागे सरायचे आणि म्हणायचे, "हमारा पानी मत पियो. उसमें जहर है. इतने दिन पिलाया, माफ करना." मागायचं नाही, विचारायचं नाही म्हणणारा माणूस बारा दारांपुढे उभा राहून आपलं पाणी पिऊ नका म्हणून सांगत होता, आणि ज्याने ते विष ओतलं तो त्या वेळी पंख्याखाली बसला होता. माफी कुणी मागायची होती? सांगा ना. शेवटचं दार जाधवकाकूंचं. दादा म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर होतं." काकू थोर मनाच्या असत्या तर काहीतरी चांगलं बोलल्या असत्या. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं की नाही!" दादांनी मान हलवली आणि परत फिरले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही झालंच नाही. आम्ही अर्ज दिले. माणसं आली, बाटल्या भरून नेल्या. त्या बाटल्या अजून तपासणीतच असाव्यात. टँकर आले, मग काही वर्षांनी नळाची लाइन आली. कारखान्याने आपणहून जागा बदलली, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बोअरशेजारी गेला. त्या जागी आता उंच इमारती आहेत, फाटकाशी कारंजं आहे. कारंज्याला पाणी कुठलं ते मी विचारणार नव्हतो. विचारलं. बोअरचं आहे, तिथला वॉचमन म्हणाला. मायचं डोकं दुखणं काही थांबलं नाही. मग तिचं यकृत बिघडलं, आणि ती गेली तेव्हा तिचं वय माझ्या आजच्या वयापेक्षा कमी होतं. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशामुळे ते सांगता येत नाही. चुलीसमोर दोन वर्षं वाफेत उभ्या राहिलेल्या बाईबद्दल कुणालाच काही नेमकं सांगता येत नाही. मला येतं. पण मी कोण, सेकंड क्लास बी.एस्सी., क्लोरोफॉर्मला पाणी म्हणणारा. दादा पुढे पुष्कळ जगले. कुणी घरी आलं तर पाणी देण्याआधी ते थांबायचे, ग्लास उजेडात धरायचे, आणि ते बघून पाहुणा अवघडायचा.

हे प्रकरण लिहून झालं तसं मी बायकोला, कल्पनाला, वाचायला दिलं. माझ्या मुलांना मराठी बोलता येतं, वाचताना ती रस्त्यावरच्या पाट्यांसारखं एकेक अक्षर लावत वाचतात, तेव्हा पहिली आणि शेवटची वाचक कल्पनाच. ती लग्न होऊन आली तेव्हा माय खाटेवर होती, शेवटची दोन वर्षं तिने मायचं सगळं केलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, मधे एकदा हसली, मला बरं वाटलं. वाचून झाल्यावर पानं मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'मधे काही दिवस गेले.' किती?"

"कुठे?"

"इथे. वर्गात सर म्हणाले उद्या बाटली आणा. आणि तुम्ही नेलीत कधी?"

मी म्हटलं, आता इतकं कुठे आठवतं. तिने त्या ओळीवरचं बोट काढलं नाही. तिच्यासमोर माझं फार वेळ चालत नाही. मी म्हटलं, "एकोणीस."

"एकोणीस दिवस तुम्हाला माहीत होतं."

"माहीत म्हणजे, शंका. दादांसमोर तो शब्द काढायचा तर..."

"दादांचं राहू द्या. त्या एकोणीस दिवसांत तुम्ही घरी पाणी पीत होता?"

खालून भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती. मी ती ऐकतो आहे असं दाखवलं. खरं म्हणजे मी तेव्हा कॉलेजच्या नळावर पोटभर पिऊन घरी यायचो आणि तहान नाही म्हणायचो. माय ग्लास भरून पुढे करायची, आणि मी नको म्हटलं की वाया जायला नको म्हणून तो ती स्वतः प्यायची.

हे मी कल्पनाला सांगितलं. तिने पानं नीट जुळवली, माझ्या हातात दिली.

"मग तेही लिहा," ती म्हणाली.